टॅब-स्पेसची खिचडी, विममध्ये अशी निस्तरली
मामेभाऊ इथेच इंदूरला, राजवाड्याजवळ राहतो, त्याचा पायथनचा कोड माझ्या विम या टेक्स्ट एडिटरात उघडला की ओळी वेड्यावाकड्या आणि रन केलं की टॅबएरर (टॅब-स्पेस मिसळल्याची पायथनची तक्रार), तो म्हणे दादा माझ्याकडे तर सरळ दिसतंय! दिसणारच, त्याच्या एडिटरात टॅब ४ रकान्यांचा आणि विममध्ये मुळात ८ चा, आणि फाईलीत अर्ध्या ओळींना टॅब अर्ध्यांना स्पेस. विममध्ये सेट लिस्ट ही कमांड दिली की टॅब लगेच उघडे पडतात. मग टॅबस्टॉप (टॅब किती रकान्यांचा) ४, शिफ्टविड्थ (ओळ एका पायरीने किती आत सरकते) ४, एक्सपांडटॅब (टॅब दाबला की स्पेस पडतात) चालू. पण एक्सपांडटॅब फक्त पुढच्या टायपिंगपुरता असतो, जुने टॅब तसेच राहतात, त्यांचे स्पेस करायला रीटॅब चालवायचं, आणि त्याआधी टॅबस्टॉप ज्याने कोड लिहिला त्याच्याएवढाच हवा नाहीतर अजून गोंधळ. रीटॅब स्ट्रिंगच्या आतले टॅबही बदलतं बरं का, ते डिफमध्ये (आधीच्या-नंतरच्या फाईलीतला फरक) बघून घ्या. मेकफाईलला (प्रोग्राम बांधायच्या कमांडची फाईल) मात्र हात लावायचा नाही, तिथे कमांडच्या ओळीआधी खरा टॅबच लागतो. आता प्रोजेक्टच्या मुख्य फोल्डरात एडिटरकॉन्फिगची फाईल (सगळ्या एडिटरांना टॅब-स्पेसचे तेच नियम सांगणारी) टाकलीये, भावाच्या व्हीएस कोड एडिटरला त्याचं एक्स्टेंशन वेगळं टाकावं लागलं, त्यावरही कुरकुरलाच तो.