जुनी एफ/२ वाइड लेन्स घ्यावी का?

दशावताराच्या रंगपटात फोटो काढायचे तर मागे सरकायला जागाच नसते. देवळामागची एक खोली, चार-पाच कलाकार आपापल्या पेटीवर बसून आरशात बघत तोंडाला रंग लावतायत, वर एकच बल्ब. ५० एमएमने एक डोळा आणि अर्धी मिशी येते. म्हणून मी २४ एमएमच्या वाइड, म्हणजे जास्त रुंद दृश्य घेणाऱ्या, लेन्सकडे वळले, आणि उजेड कमी म्हणून जुन्या मॅन्युअल (हाताने फोकस करायच्या) निकॉर, म्हणजे निकॉनच्या, २४ एमएम एफ/२ कडे. एफपुढचा आकडा जितका लहान, तितकं लेन्समधलं छिद्र, म्हणजे अ‍ॅपर्चर, मोठं आणि उजेड जास्त. चार हंगाम ती वापरतेय. इकडची मुलं “ताई, मीपण घेऊ का?” म्हणून विचारतात, त्यांना जे सांगते तेच इथे लिहिते.

आधी तुमचे गेल्या वर्षीचे वाइड फोटो उघडा आणि अ‍ॅपर्चर बघा. बहुतेक एफ/५.६ किंवा एफ/८ चे असतील, म्हणजे घाट, वाडे, देवळं, तर एफ/२ चे जादा पैसे मोजू नका. त्याच काळातली एफ/२.८ लेन्स घ्या. ती हलकी, स्वस्त आणि पुष्कळदा जास्त चांगली असते. निकॉरची २८ एमएम एफ/२.८ एआय-एस (निकॉनची जुनी मॅन्युअल मालिका) २० सेंटिमीटरपर्यंत जवळ जाते आणि कडेपर्यंत स्वच्छ चित्र देते. एफ/२.८ आणि एफ/२ मध्ये फरक फक्त एका स्टॉपचा (दुप्पट उजेडाचा), म्हणजे आयएसओ, कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता, ६४०० ऐवजी ३२००. आजच्या फुल फ्रेम (३५ एमएम फिल्मएवढ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्याला तो जड जात नाही.

मग एफ/२ कुणासाठी? अंधारात हलणारी माणसं टिपणाऱ्यासाठी. कॅमेऱ्यातलं स्टॅबिलायझेशन तुमचा हात सावरतं, काळ्या कपड्यातल्या संकासुराचा हात नाही सावरत. तिथे शटरच्या १/३० आणि १/६० सेकंदांमधला फरक फोटोत दिसतो.

एपीएस-सी (लहान सेन्सरचा) कॅमेरा असेल तर पुढचं वाचण्याआधी थांबा. तिथे २४ एमएमचं दृश्य ३६ एमएमसारखं होतं. वाइडसाठी पैसे मोजायचे आणि वाइडपणा कापून टाकायचा, हे मला पटत नाही.

या लेन्स उघड्या अ‍ॅपर्चरला कमी का पडतात, ते समजून घेतलं की तपासणी सोपी होते. एसएलआर कॅमेऱ्यात लेन्समागच्या आरशाला जागा लागते. निकॉनच्या एफ माउंटपासून, म्हणजे लेन्स बसते त्या कड्यापासून, फिल्म ४६.५ मिलिमीटर दूर. २४ एमएमची लेन्स त्याहून जवळ बसवायची सोय नाही, म्हणून पुढे मोठी अंतर्वक्र भिंगं लावून प्रतिमा मागे ढकलावी लागते. त्यातून कोपऱ्यांतले दोष वाढतात, आणि अ‍ॅपर्चर जितकं मोठं तितके ते उघडे पडतात. निकॉनने १९६७ च्या २४ एमएम एफ/२.८ मध्ये फोकससोबत भिंगांमधलं अंतर बदलण्याची सोय केली, त्यामुळे जवळून काढलेले फोटो सुधारले. माझ्या एफ/२ मध्येही ती आहे.

आता तपासणी. मुंबईत बोरा बझारात घ्या किंवा कुणाच्या घरून, शक्यतो संध्याकाळी जा आणि स्वतःचा कॅमेरा न्या. माझी पहिली लेन्स मी एका दुकानातून दुपारी घेतली, आरपार बघितली, काच लख्ख वाटली. रात्री बल्ब फ्रेममध्ये आला आणि सगळ्या चित्रावर दुधाची साय धरली. आतल्या एका भिंगावर धूसर थर होता, दिवसा दिसलाच नाही. तेव्हापासून मी अ‍ॅपर्चर पूर्ण उघडून मागून मोबाइलची टॉर्च तिरकी मारते. धूसरपणा धुक्यासारखा दिसतो, बुरशी कोळ्याच्या जाळ्यासारखी. धूळ चालते. बुरशीने काच खाल्ली असेल तर साफ करूनही डाग राहतो. कोकणात तर मी बुरशीची लेन्स फुकट दिली तरी घेणार नाही.

अ‍ॅपर्चर एफ/१६ वर ठेवा, लेन्सच्या मागची छोटी पट्टी दाबून सोडा. छिद्र लहान-मोठं करणारी आतली पाती झटकन मिटली पाहिजेत. रेंगाळली तर त्यांवर तेल उतरलंय.

नंतर रस्त्यावर या. दूरचा एक दिवा एफ/२ ला फ्रेमच्या चारही कोपऱ्यांत आळीपाळीने ठेवून फोटो काढा, प्रत्येक वेळी स्क्रीन मोठी करून त्या कोपऱ्यातच फोकस करा. दिव्याला पक्ष्यासारखे पंख फुटतील. हा कोमा, या लेन्सच्या जातीतच आहे. चारही कोपऱ्यांत पंख सारखेच असतील तर लेन्स ठीक. एकाच बाजूला भलतेच पसरले तर भिंग सरकलेलं आहे, लेन्स परत द्या. मंडपावरच्या दिव्यांच्या माळा हाच तुमचा विषय असेल तर ठीक असलेलीही घेऊ नका, दर फोटोत हे पंख दिसतील.

जुनी लेन्स आजच्या कॅमेऱ्याला जोडणाऱ्या कड्यात, म्हणजे अ‍ॅडॉप्टरमध्ये, काटकसर नको. स्वस्त अ‍ॅडॉप्टर बहुधा जरा आखूड असतात. मग खरं अनंत (अगदी दूरचं दृश्य) फोकसच्या रिंगवर तीन मीटरच्या आसपास येतं आणि आतली भिंगंही तीन मीटरच्याच हिशेबाने उभी राहतात. कोपरे बिघडतात आणि दोष लेन्सवर जातो.

राहिला पैशाचा प्रश्न. लेन्स, अ‍ॅडॉप्टर, साफसफाई यांची बेरीज करा. ती विलट्रॉक्स कंपनीच्या नव्या २४ एमएम एफ/१.८ च्या जवळ जात असेल आणि तुम्ही लग्नांचे फोटो काढत असाल, तर नवीच घ्या. ऑटोफोकस आहे, वॉरंटी आहे. माझी बेरीज बरीच खाली राहिली, आणि माझा कलाकार दीड मीटरवर बसलेला असतो. तेवढ्या अंतरावर एफ/२ ला साधारण १.३ पासून १.८ मीटरपर्यंत फोकसमध्ये राहतं. मी रिंग दीडवर ठेवते आणि हात लावत नाही. चेहऱ्यावरचा रंग ठाशीव येतो, पुढे धरलेला आरसा किंचित विरघळतो.