अपंगत्व पेन्शन ‘सेवेशी संबंध नाही’ म्हणून नाकारली : अपील असं मंजूर झालं

चाळीसगाव तालुक्यातल्या लष्करातून निवृत्त झालेल्या हवालदार आप्पांची केस. रिलीज मेडिकल बोर्डाने (निवृत्तीवेळी तपासणारं वैद्यकीय मंडळ) रक्तदाबाचं अपंगत्व ३० टक्के आयुष्यभरासाठी धरलं, पण शेरा मारला : आजार सेवेमुळे झालेला नाही, सेवेने वाढलेलाही नाही. दावा नामंजूर.

बँकेत चकरा, साधे विनंतीअर्ज, नवे वैद्यकीय दाखले. काहीच चाललं नाही. दरवेळी तेच छापील उत्तर वाचून जीव मेटाकुटीला आला.

आधी रेकॉर्ड ऑफिसकडून (सैनिकांच्या नोंदी ठेवणारं लष्करी कार्यालय) तीन कागद मागवा : नामंजुरीचं पत्र, मेडिकल बोर्डाची पूर्ण कार्यवाही, भरतीवेळची वैद्यकीय तपासणी. भरतीच्या कागदावर या आजाराची नोंद आहे का, ते पाहा. मग बोर्डाचा कारणांचा रकाना. आप्पांच्या कागदावर तिथे एकच ओळ होती, कारण काहीच नाही. केस उभी राहते ती इथेच.

पहिलं अपील पत्र मिळाल्यापासून सहा महिन्यांत. उशीर झाला असेल तर माफीचा अर्ज सोबतच लावा. धरमवीर सिंग निकालाचा (सर्वोच्च न्यायालय, २०१३) आधार घ्या : भरतीवेळी नोंद नसेल तर आजार सेवेतलाच मानायचा, उलट सिद्ध करणं सरकारकडे. २१ सप्टेंबर २०२३ पासून नवे नियम आहेत. त्यानंतर निवृत्त झालेल्यांनी ते आधी वाचावेत.

राउंडिंग, म्हणजे अपंगत्वाची टक्केवारी वरच्या टप्प्याला धरणं, त्याच अर्जात मागा, हे बरेच जण विसरतात. ३० चे ५० टक्के धरले, की शेवटच्या पगाराच्या ९ ऐवजी १५ टक्के मिळतात. पहिलं अपील फेटाळलं तर दुसरं, मग सशस्त्र दल न्यायाधिकरणाचं मुंबई खंडपीठ.