शंभर-दीडशेचा फोल्डिंग चाकू कामाचा कसा करायचा

स्वस्त फोल्डिंग चाकू मला मनापासून आवडतात, म्हणजे ते गोव्यात म्हापशाला शुक्रवारच्या बाजारात कुलपं, टॉर्च, नेलकटर अशा पसाऱ्यात प्लास्टिकवर मांडून ठेवलेले असतात ना, तेच. पोलाद साधं, मूठ प्लास्टिकची नाहीतर पातळ पत्र्याची, स्क्रू कसेतरी बसवलेले, आणि तरी घरात ज्याला त्याला लागतो तो हाच. महागडा चाकू माणूस कपाटात जपून ठेवतो, हा खिशात असतो, म्हणून वेळेला हाच हाताला लागतो. सुंगटं (कोळंबी), फणसाचा चीक, सिमेंटची गोण, ह्याला कशाचंच वावडं नाही, जेटीवरून पाण्यात पडला तर थोडा वेळ वाईट वाटतं आणि पुढच्या शुक्रवारी दुसरा येतो. पण बाजारातून आणला तसाच्या तसा तो नीट चालत नाही, त्याच्यावर एक संध्याकाळ घालावी लागते. ती कशी घालायची तेच इथे लिहितोय.

आधी निवड. दहा सारखे दिसणारे चाकू मांडलेले असतात पण ते सारखे नसतात, त्यामुळे लाजू नका, विक्रेत्याला सांगा मामा जरा तीन-चार उघडून बघतो. पहिलं बघायचं म्हणजे बंद केल्यावर टोक मुठीच्या आत पूर्ण जातं का, टोक जरासं जरी बाहेर डोकावत असेल तर तो खाली ठेवा, खिशात हात घातला की बोट कापणार. मग बंद चाकू उलटा धरून हलवा, पातं आपोआप बाहेर येता कामा नये. मग उघडा आणि पातं दोन बोटांत धरून डावीकडे उजवीकडे हलवून बघा, थोडी हालचाल चालते, स्क्रू आवळून जाते, पण स्क्रूच्या जागी रिव्हेट असेल आणि तरी पातं हलत असेल तर सोडून द्या. शक्यतो स्क्रूवालाच घ्या.

खटका, म्हणजे उघडं पातं अडकवून धरणारी पट्टी, असलेला घेणार असाल तर त्याची परीक्षा तिथेच करा. आतून पत्र्याची जी पट्टी सरकून पात्याच्या मागे बसते ती नीट आत आलीय का बघा, नुसती कडेला टेकली असेल तर ती दाब आला की निसटते. बोटं पात्याच्या वाटेत येणार नाहीत अशी मूठ धरून पात्याची पाठ लाकडी फळीवर हळू दाबायची, मिटायला लागला तर परत ठेवायचा. आणि खटका कितीही चांगला वाटला तरी स्वस्त चाकूत त्याच्यावर भरवसा ठेवून काम करू नये हे मनात पक्कं असूदे.

पात्यावर स्टेनलेस, जपान, जर्मनी काय वाटेल ते कोरलेलं असतं, त्याच्याकडे बघूच नका. बरेच जण लोहचुंबक लावून बघतात आणि चिकटला की म्हणतात हे खरं स्टेनलेस नव्हे. हे चुकीचं आहे. चाकूचं स्टेनलेस कडक करता यावं लागतं आणि तसं कडक होणारं स्टेनलेस लोहचुंबकाला चिकटतंच, न चिकटणारं ते आपल्या डब्या-वाट्यांचं, त्याला धार टिकत नाही. ह्या स्वस्त पात्यांत बहुतेक 3सीआर13 नाहीतर 420 जातीचं पोलाद असतं, कार्बन साधारण 0.3 टक्के आणि क्रोमियम 13 टक्क्यांच्या आसपास. कार्बन कमी म्हणून पातं मऊ, धार लवकर जाते, पण तेवढ्याच लवकर परत येते. मऊपणाला नावं ठेवू नका, व्हिक्टोरिनॉक्सवाले 1891 पासून स्विस सैन्याला चाकू देतात, त्यांचंही पातं रॉकवेलवर (पोलादाचा कडकपणा मोजायचं माप) 56 च्या आसपासच ठेवलेलं असतं, म्हणजे आजच्या महागड्या चाकूंच्या मानाने मऊच. कुठेही बसून साध्या दगडावर धार लावता आली पाहिजे हा त्याचा फायदा.

काळा रंग दिलेलं पातं घेऊ नका, रंग सुटून कैरीच्या फोडीला लागतो. अर्धी धार साधी आणि अर्धी करवतीसारखी असते तेही नको, त्या दात्यांना घरी धार लावणं फार किचकट. आणि बटण दाबलं की फाटकन उघडतो तो तर अजिबातच नको, काम काहीच जास्त करत नाही आणि पोलिसांनी थांबवलं तर उगाच कटकट.

आता घरी आणल्यावर. गरम पाणी आणि भांडी घासायच्या साबणाने आतबाहेर ब्रशने धुवा, कारखान्याचं तेल आणि लोखंडाचा कीस दोन्ही निघतं. कपड्याने पुसून पंख्याखाली पूर्ण सुकवा. मग स्क्रू. पातं हलणार नाही आणि तरी अंगठ्याने उघडेल इतपतच आवळायचा, पाव पाव फेरा करून. हे स्क्रू वापरता वापरता सैल होतात, त्यावर उपाय म्हणजे स्क्रू काढून आट्यांना नखाला लावायचं नेलपॉलिश अगदी थोडं लावून परत बसवायचा, सुकलं की हलत नाही आणि हवा तेव्हा काढताही येतो. मुठीच्या कडा हाताला टोचत असतील तर बारीक सँडपेपरने मोडून घ्या, पाच मिनिटांचं काम आहे पण चाकू वेगळाच वाटायला लागतो.

तेल कसलं घालायचं हा प्रश्न नेहमी येतो. शिलाई मशीनचं तेल बिजागरीत एक थेंब, बस. पण त्याच चाकूने फळं कापणार असाल तर खोबरेल घाला. शेंगदाण्याचं किंवा सूर्यफुलाचं तेल नको, ते हवा लागून हळूहळू गोंदासारखं चिकट होतं. खोबरेल तसं लवकर चिकटत नाही, ते थिजतं साधारण 24 अंशांच्या खाली, आणि आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीच्या पहाटा सोडल्या तर तेवढी थंडी पडतेच कुठे.

धारेचं मात्र नीट वाचा, सगळा जीव तिथे आहे. ह्या चाकूंची कारखान्यातली धार जाड असते, एका बाजूला जास्त घासलेली आणि दुसऱ्या बाजूला कमी, म्हणून ते नवीनच बोथट वाटतात. महागडा दगड लागत नाही. हार्डवेअरच्या दुकानात वॉटर पेपर मिळतो, 320, 600 आणि 1000 नंबरचा एकेक घ्या. सपाट फरशीचा तुकडा घ्या, वॉटर पेपर ओला करून त्याच्यावर चिकटवा. कोन किती? अशा पात्याला एका बाजूला 20 अंश किंवा थोडा जास्त, त्याहून बारीक केलात तर मऊ पोलादाची धार लगेच दुमडते. मोजायची सोपी रीत सांगतो, पातं दोन सेंटीमीटर रुंद असेल तर त्याची पाठ पेपरपासून साध्या पेन्सिलीच्या जाडीएवढी म्हणजे साधारण सात मिलिमीटर वर उचलायची, 20 अंश होतात. सुरुवातीला पेन्सिल खाली ठेवून बघा, हाताला अंदाज आला की काढून टाका.

आधी धारेच्या कडेला मार्करने काळं करा. मग 320 वर एकाच बाजूने, मुठीपासून टोकापर्यंत, जास्त दाब न देता घासा आणि बघा काळं कुठलं निघालं, फक्त वरचं निघत असेल तर पाठ अजून थोडी उचला, फक्त कडेचं निघत असेल तर थोडी खाली करा. घासता घासता पलीकडच्या बाजूला बोटाने अंगावरून हळू चाचपलं की बारीक खरखर लागते (धारेच्या लांबीवरून बोट फिरवायचं नाही, पाठीकडून धारेच्या बाहेर न्यायचं), ती खरखर मुठीपासून टोकापर्यंत सलग लागली की ही बाजू झाली. ती लागेपर्यंत बाजू बदलायची नाही, घाई केली तर पुढचे दोन पेपर फुकट. मग दुसरी बाजू तशीच. मग 600, मग 1000, आणि प्रत्येक पेपरवर शेवटी शेवटी दाब कमी करत न्यायचा. सर्वात शेवटी जुन्या चामड्याच्या पट्ट्याच्या आतल्या बाजूवर पातं उलट्या दिशेने, म्हणजे पाठ पुढे आणि धार मागे अशी, दोन्हीकडून ओढायची, उरलेली खरखर निघून जाते. टोमॅटोवर न दाबता ठेवून ओढलं आणि साल कापली गेली की झालं काम.

हे एकदाच इतकं. पुढे आठवड्याला नुसतं 1000 वर दोन-चार हात आणि पट्टा. प्रवासात असाल, काहीच जवळ नसेल, तर चहाचा चिनीमातीचा कप पालथा घाला, बुडाला जी खरखरीत गोल कड असते, चकाकी न चढवलेली, तिच्यावर पातं पाजवा, छान लागतं.

मोटरच्या चाकावर धार लावणाऱ्याकडे देणार असाल तर जवळ उभे राहा आणि सारखं पाण्यात बुडवायला सांगा. पातं पातळ, लगेच तापतं, आणि कडेला निळा रंग आला म्हणजे तिथलं पोलाद तापून मऊ पडलं, तेवढा भाग घासून काढेपर्यंत धार राहायची नाही. मी हातानेच लावतो, मला ते आवडतंही.

आता वापर. चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आधीचे दोन दिवस हा चाकू माझ्या हातातून सुटतच नाही, माटोळीची, म्हणजे गणपतीच्या वर फळं-पानं बांधतात त्या चौकटीची, सुतळी कापायची, फळांचे घोस देठाशी नीट करायचे, केळीची पानं कापायची, आणि शिडीवर उभं असताना एका हाताने उघडणारा हलका चाकू पाहिजे, तिथे कोयता चालत नाही. चुडतातले (माडाच्या झावळीतले) हीर काढायलाही फार बरा, पान मध्ये धरून पातं हिराला लावून सरळ ओढायचं, पाती बाजूला होते आणि हीर स्वच्छ निघतो, केरसुणीपुरते हीर बसल्याबसल्या होतात. मांडवी नदीवर गरवायला (गळाने मासे पकडायला) बसलात तर सुंगटाचा तुकडा कापायला, तंगूस (गळाची दोरी) तोडायला हाच. कुरिअरचे खोके, वायरचं आवरण, कढीपत्त्याची फांदी ही तर रोजचीच कामं.

काय करायचं नाही तेही सांगतो. खडकावरची कालवं ह्याने उघडायची नाहीत, टोक तुटतं किंवा पातं बोटांवर मिटतं, त्याला जाड आणि न मिटणारी सुरीच पाहिजे. शहाळं नाही, सुकी फांदी ठोकून फोडणं नाही, डब्याचं झाकण उचकटणं नाही. एक नेम ठेवा, पात्यावर दाब नेहमी कापण्याच्या दिशेने, उचकटण्याचं काम आलं की स्क्रूड्रायव्हर शोधा. ओल्या काजूबियांना पण लावू नका, सालीतलं तेल हातावर उडतं आणि कातडी भाजते.

कापून झाल्यावरची सवय सगळ्यात महत्त्वाची, गोव्यात तर जास्तच. काजूचे बोंडू, भिरंडं (कोकमाची फळं), कैरी ह्यांचं आम्ल आणि खारं पाणी 13 टक्के क्रोमियमवाल्या पात्यालाही सोडत नाही, मिठाने तर बारीक खड्डे पडतात. म्हणून गोड्या पाण्याने धुवायचा, उघडाच ठेवून सुकवायचा आणि मगच मिटायचा. समुद्रावर वाळू बिजागरीत गेली तर तेल ओतू नका, वाळू तेलाला धरून बसते आणि पॉलिश पेपरसारखी आतून घासत राहते. आधी नळाच्या धारेखाली उघडझाप करून धुवा, सुकवा, मग थेंब. फणसाचा चीक खोबरेलाने पुसला की निघतो, आणि पात्याला आधीच तेलाचा हात मारून घेतला तर चिकटतच नाही.

पावसाळ्यात चामड्याच्या म्यानात ठेवू नका, चामडं ओल धरून ठेवतं. लाकडी मुठीचे चाकू दिसायला देखणे, फ्रान्सचा ओपिनेल 1890 पासून तसाच बनतो आणि तिकडे तोही शेतकऱ्याच्या खिशातलाच चाकू, पण लाकूड ओल लागली की फुगतं आणि पातं आत अडकायला लागतं, जुलैत आपल्याकडची हवा कशी असते ते वेगळं सांगायला नको. बाजारातल्या प्लास्टिकच्या मुठीला हा त्रास नाही. गंज आलाच तर चिंचेचा नाहीतर सोलांचा (आमसुलांचा) कोळ लावून थोड्या वेळाने घासणीने घासा, भरपूर पाण्याने धुवा, सुकवून तेलाचं बोट.

कायद्याचं थोडक्यात. नऊ इंचापेक्षा लांब किंवा दोन इंचापेक्षा रुंद पात्याच्या सुऱ्या शस्त्र नियमांत येतात, घरकाम, शेती, कारखान्यासाठी बनवलेल्या सोडून. आपल्या तीन इंची चाकूचा त्याच्याशी संबंध नाही, पण म्हणून जत्रेच्या गर्दीत किंवा भांडणाच्या जागी तो काढून दाखवायची वस्तू नव्हे. दाबोळी किंवा मोपाच्या विमानतळावर जाताना चाकू चेक-इनच्या बॅगेत टाका, हातातल्या बॅगेत सापडला तर तिथेच सोडून जावा लागतो.

घासून घासून पातं अरुंद झालं, टोक गेलं, किंवा स्क्रूचे आटे झिजून पातं हलायचं थांबतच नाही, मग तो खिशातून काढा. टोक वॉटर पेपरवर गोल करून घ्या आणि पातं उघडं असतानाच बिजागरीत एम-सील भरून पक्का करा, कुंड्यांतलं गवत उपटायला आणि भिंतीवरचं शेवाळ खरवडायला अजून पुष्कळ वर्षं जातो.