भाडेकरार नोंदवूनच घराची किल्ली घ्यावी

जून लागला की नागपुरात बजाजनगर, त्रिमूर्तीनगर, मनीषनगर या भागांत घरसामानाने भरलेले टेम्पो दिसू लागतात. शिकायला आलेली मुले असोत की मिहान या औद्योगिक प्रकल्पात नोकरी लागलेले कुटुंब, बहुतेकांच्या हाती स्टॅम्पपेपरवर टाइप केलेला आणि नोटरीचा शिक्का मारलेला अकरा महिन्यांचा करार असतो. ‘अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही’ असे दलालापासून शेजाऱ्यापर्यंत सगळे सांगतात. महाराष्ट्रात मात्र ते चुकीचे आहे.

हा समज १९०८ च्या नोंदणी कायद्यातून आला, कारण त्यात एक वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ मध्ये मुदतीची अशी सवलत नाही. भाडेकरार असो वा ‘लिव्ह अँड लायसन्स’ (ठरावीक मुदतीसाठी घर वापरण्याची केवळ परवानगी देणारा करार), तो लेखी आणि नोंदणीकृतच हवा. नोंदणी करून घेण्याची जबाबदारी घरमालकाची असून, त्यात कसूर झाल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. शिवाय असा करार नसताना वाद उद्भवला, तर ज्या अटींवर घर घेतल्याचे भाडेकरू सांगेल त्या अटी, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरल्या जातात. त्यामुळे नोंदणी टाळण्यात खरा धोका घरमालकालाच आहे, हे त्यांना शांतपणे समजावून सांगावे.

खर्चाची भीतीही अनाठायी आहे. साठ महिन्यांपर्यंतच्या लिव्ह अँड लायसन्स कराराला मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के लागते आणि ते एकूण भाडे अधिक परतीच्या अनामतीवरील वार्षिक १० टक्के दराचे व्याज यांच्या बेरजेवर काढतात. महिना १२,००० रुपये भाडे आणि ५०,००० रुपये अनामत असेल, तर अकरा महिन्यांसाठी हे शुल्क काहीशे रुपयांतच बसते. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,००० रुपये आहे. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावरून, आधार आणि अंगठ्याच्या ठशाच्या साहाय्याने, नोंदणी घरबसल्याही करता येते. खर्च कोणी करायचा, हे आधीच ठरवून घ्यावे.

मसुदा मात्र स्वतः ओळीओळीने वाचावा. माझ्या परिचयातील एका कुटुंबाला घर सोडताना अनामत मोठी रक्कम कापून परत मिळाली, कारण खिडकीतल्या कूलरचे पाणी झिरपून आतली भिंत फुगली होती आणि करारात दुरुस्तीबद्दल अवाक्षर नव्हते. नागपूरच्या उन्हाळ्यात कूलर लागणारच. तेव्हा त्याचा स्टँड कोठे बसेल, त्याच्या पाण्याने झालेले नुकसान कोण भरेल, रंगरंगोटीचा खर्च कोणाचा, अनामत घर सोडल्यापासून किती दिवसांत आणि कशी परत मिळेल, दोन्ही बाजूंनी किती महिन्यांची पूर्वसूचना द्यायची, हे सारे आकड्यांसह लिहून घ्यावे. तोंडी आश्वासन कितीही प्रेमाने दिलेले असो, ते कागदावर आल्याशिवाय सही करू नये.

भाडेकरूवरही बंधने आहेत. राहण्यासाठी लिव्ह अँड लायसन्सवर घेतलेले घर मुदत संपताच सोडावे लागते. न सोडल्यास भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम २४ नुसार सक्षम प्राधिकारी ते रिकामे करून देण्याचा आदेश देऊ शकतो आणि त्या जादा काळासाठी करारात ठरलेल्या भाड्याच्या दुप्पट दराने भरपाई द्यावी लागते. मुदत वाढवायची असेल, तर ती संपण्यापूर्वीच नवा करार नोंदवावा. भाडे बँकेतून द्यावे, रोख दिल्यास त्याच दिवशी पावती घ्यावी. घरमालकाने भाडेकरूची माहिती जवळच्या पोलीस ठाण्यात दिली आहे ना, हेही विचारून घ्यावे.

किल्ली हातात घेण्यापूर्वी दोघांनी मिळून घर फिरून पाहावे, भिंती, नळ, पंखे यांचे फोटो काढावेत, महावितरणच्या मीटरचे त्या दिवशीचे रीडिंग लिहून त्याखाली दोघांनी सही करावी आणि मागच्या वीज व पाणी बिलांची थकबाकी नसल्याच्या पावत्या त्याच फाइलला लावाव्यात.