सुकामेव्याच्या पाश्चरीकरणाचे व्हॅलिडेशन करणाऱ्या तज्ज्ञाला मान्यता कशी द्यावी

पाश्चरीकरण (म्हणजे उष्णतेने किंवा अन्य उपायाने घातक जिवाणू मारणे) केलेले बदाम आणि न केलेले बदाम शेजारी शेजारी ठेवले, तर रंग, वास किंवा चव यांवरून त्यांतला फरक बहुधा ओळखता येत नाही. त्यामुळे यंत्राने आपले काम खरोखर केले आहे की नाही, यासाठी कारखान्याला कोणाच्या तरी शब्दावर विसंबावे लागते. यंत्र जिवाणूंची ठरलेली घट करते हे प्रयोगाने सिद्ध करणे म्हणजे व्हॅलिडेशन. ते करून तो शब्द देणारा तज्ज्ञ कसा निवडावा आणि त्याला मान्यता कशी द्यावी, एवढ्याच प्रश्नापुरते हे मार्गदर्शन आहे. वाशी, तुर्भे किंवा मशीद बंदर परिसरात बदाम, काजू, पिस्ते यांवर प्रक्रिया करणारे किंवा करून घेणारे कारखानदार, त्यांचे गुणवत्ता अधिकारी आणि व्यापारी संघटनांच्या समित्या यांना ते उपयोगी पडावे.

या पद्धतीचा सर्वांत घडीव नमुना कॅलिफोर्नियातील बदाम उद्योगात आढळतो. २०००-०१ मध्ये कच्च्या बदामांतून पसरलेल्या साल्मोनेला या पोटाचा आजार करणाऱ्या जिवाणूने कॅनडा आणि अमेरिकेत मिळून १६८ जण आजारी पडल्याची नोंद झाली आणि २००३-०४ मध्ये तसाच दुसरा उद्रेक झाला. त्यानंतर १ सप्टेंबर २००७ पासून तेथील बदामांवर साल्मोनेलाची किमान ४ लॉग घट करणारी प्रक्रिया बंधनकारक झाली. ४ लॉग म्हणजे दहा हजार जिवाणूंपैकी सरासरी एकच शिल्लक राहणे. या व्यवस्थेत कारखान्याने स्वतःच आपल्या यंत्राला उत्तीर्ण ठरवायचे नसते. अल्मंड बोर्ड ऑफ कॅलिफोर्नियाने मान्यता दिलेला प्रक्रिया-तज्ज्ञ ते काम करतो आणि शास्त्रज्ञांचे एक मंडळ त्याची माहिती तपासते. मात्र हे बंधन अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिको येथे जाणाऱ्या मालापुरते आहे. समुद्रापार जाणारा माल प्रक्रियेविनाही पाठवता येतो, फक्त तसे लेबल लावावे लागते. न्हावाशेवाला उतरलेला बदाम कॅलिफोर्नियाचा आहे, एवढ्यावरून तो पाश्चरीकृत आहे असे गृहीत धरता येत नाही, ते याचमुळे.

आधी मान्यतेची व्याप्ती ठरवावी

बहुतेक समित्या येथेच पहिली चूक करतात. अमुक डॉक्टरसाहेब मोठे सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ आहेत, तेव्हा त्यांना मान्यता द्या, असा ठराव होतो आणि पुढे तेच नाव वाफेच्या यंत्रापासून तेलातल्या भाजणीपर्यंत सगळीकडे वापरले जाते. मान्यता कधीही केवळ व्यक्तीला देऊ नये. ती विशिष्ट मेवा, विशिष्ट प्रक्रिया आणि विशिष्ट प्रकारचे यंत्र यांच्या जोडीला द्यावी. काजूपाकळीवर वाफेची प्रक्रिया तपासण्यास पात्र असलेला माणूस कवचासहित पिस्त्याच्या कोरड्या भाजणीलाही पात्र असेलच असे नाही. गॅमा विकिरणाचा प्रश्न तर आणखीच निराळा आहे. वाशीच्या विकिरण प्रकल्पात २००० सालापासून मसाल्यांवर प्रक्रिया होते. तेथे सिद्धतेचा पाया तापमान हा नसून मालाच्या प्रत्येक भागाला मिळालेली विकिरणमात्रा हा असतो, आणि ती मोजणे हे स्वतंत्र कौशल्य आहे.

काही प्रक्रियांचे काम तुलनेने सोपे असते. बदाम ८८ अंश सेल्सिअसच्या पाण्यात २ मिनिटे ठेवून सोलणे किंवा १२७ अंशांच्या तेलात २ मिनिटे भाजणे यांमुळे साल्मोनेलाची ५ लॉग घट होते, हे प्रस्थापित आहे. तेथे तज्ज्ञाने एवढेच दाखवायचे असते की यंत्रातील सर्वांत थंड जागीही तेवढे तापमान तेवढा वेळ टिकते. कोरडी भाजणी आणि वाफ यांबाबत असे सर्वांना लागू पडणारे आकडे वापरता येत नाहीत; प्रत्येक यंत्रावर स्वतंत्र प्रयोग करावा लागतो. अर्ज मागवण्यापूर्वी आपले यंत्र यांपैकी कोणत्या गटात मोडते, ते लिहून काढावे.

अर्जात काय मागावे

पदवी, अनुभव आणि प्रशिक्षणाची प्रमाणपत्रे सर्वजण देतातच; त्यांवर फार वेळ घालवू नये. अन्नसूक्ष्मजीवशास्त्र आणि उष्णता-अभियांत्रिकी हे दोन्ही विषय एकाच व्यक्तीला सारखेच येणे दुर्मीळ असते, म्हणून दोघांच्या जोडीने केलेला अर्जही स्वीकारावा. माटुंग्याच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेसारख्या ठिकाणी अन्न-अभियांत्रिकी शिकलेली आणि एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत सूक्ष्मजीवांचे काम केलेली माणसे मुंबईत मिळतात, पण ती बहुधा दोन वेगवेगळ्या टेबलांवर बसलेली असतात. प्रयोगशाळेची मान्यता पाहताना तिच्या प्रमाणपत्रासोबतची व्याप्तीची यादी पाहावी. आपल्याला हवी असलेली चाचणी त्या यादीत नसेल, तर भिंतीवरच्या प्रमाणपत्राचा उपयोग नाही.

अर्जासोबत तज्ज्ञाने पूर्वी केलेल्या कमीत कमी दोन व्हॅलिडेशनचे संपूर्ण अहवाल मागावेत. ग्राहकाचे नाव झाकलेले चालेल, पण आकडे झाकलेले चालणार नाहीत. हितसंबंधांचे लेखी निवेदनही घ्यावे. यंत्र विकणाऱ्या कंपनीकडून त्याला मानधन किंवा दलाली मिळते का, तुमच्या कारखान्याची नेहमीची तपासणी तोच करतो का, आणि त्याचे शुल्क निकालावर अवलंबून आहे का, हे तीन प्रश्न संकोच न करता विचारावेत. निकाल उत्तीर्ण आल्यावरच उरलेले पैसे देण्याचा करार मी पाहिलेला आहे. दोन्ही बाजूंच्या सह्या होत्या आणि कोणालाही त्यात वावगे वाटले नव्हते.

जुना अहवाल वाचण्याची रीत

तज्ज्ञाची खरी पारख मुलाखतीपेक्षा त्याच्या जुन्या अहवालात होते. अहवाल हाती आल्यावर शेवटचे पान, म्हणजे निष्कर्ष, शेवटीच वाचावे.

सर्वप्रथम सुरुवातीची जिवाणूसंख्या शोधावी. प्रयोगात मेव्यावर मुद्दाम जिवाणू लावले जातात आणि प्रक्रियेनंतर उरलेले मोजले जातात. दर ग्रॅमला दहा कोटी जिवाणू लावून शेवटी एक हजार उरले, तर घट ५ लॉगची. सुरुवातच एक लाखाने केली असेल आणि मोजणीची खालची मर्यादा दर ग्रॅमला १० असेल, तर एकही जिवाणू सापडला नाही तरी ४ लॉगपेक्षा अधिक घट सिद्ध होत नाही. अशा अहवालात ५ लॉगचा दावा दिसला, तर पुढची पाने वाचण्याची गरज उरत नाही.

त्यानंतर ही सुरुवातीची संख्या नेमकी कधी मोजली, ते पाहावे. जिवाणूंचे द्रावण लावल्यावर मेवा ओला होतो आणि तो मूळच्या ओलाव्यापर्यंत पुन्हा वाळवावा लागतो. या वाळवणीत बरेच जिवाणू आपोआप मरतात. वाळवणीपूर्वीची संख्या धरली, तर त्या मरणाचे श्रेय फुकटात यंत्राला मिळते. तसेच नमुने प्रयोगशाळेतून कारखान्यात आणि परत नेताना यंत्रात न घातलेले काही नमुने सोबत फिरवले होते का, हेही बघावे. मुंबईच्या वाहतुकीत दोन-तीन तास गाडीत पडून राहिलेल्या नमुन्यांचे काय झाले, ते या सोबतच्या नमुन्यांवरूनच कळते.

मेवा पुरेसा वाळलेला होता का, हा प्रश्न केवळ हिशेबाचा नाही. कोरड्या पदार्थात साल्मोनेला वाढत नाही, पण महिनोन् महिने जिवंत राहतो आणि ओल्या अवस्थेपेक्षा उष्णतेला कितीतरी अधिक दाद देईनासा होतो. ओलसर बदामावर यशस्वी ठरलेला प्रयोग कोरड्या बदामाबद्दल काहीच सांगत नाही. म्हणून अहवालात ओलाव्याच्या टक्केवारीबरोबर जलक्रियाशीलतेचा (जिवाणूंना वापरता येईल अशा मोकळ्या पाण्याच्या मापाचा) आकडाही असला पाहिजे. आपल्याकडे तर जुलैतली गोणी आणि फेब्रुवारीतली गोणी यांचा ओलावा वेगळा असतो. ज्या तज्ज्ञाने प्रयोगाचा महिना आणि मालाचा ओलावा दोन्ही नोंदवले आहेत, त्याने मुंबईत काम केले आहे हे समजते.

कोणता जिवाणू वापरला, हाही कसोटीचा मुद्दा आहे. जिवंत साल्मोनेला अन्नाच्या कारखान्यात कधीही आणू नये. त्याचे प्रयोग योग्य सुरक्षापातळीच्या प्रयोगशाळेतच व्हावेत. कारखान्यातील यंत्रावर त्याच्या जागी निरुपद्रवी बदली जिवाणू वापरतात. बदामाच्या उष्णताप्रक्रियेसाठी एन्टेरोकोकस फेसियम, एनआरआरएल बी-२३५४ हा वाण प्रसिद्ध आहे. परंतु बदली जिवाणू त्याच मेव्यावर आणि त्याच प्रकारच्या प्रक्रियेत साल्मोनेलाइतका किंवा त्याहून चिवट असल्याचा पुरावा हवा. बदामावर तो चालला म्हणून काजूवर चालेल, किंवा वाफेला चालला म्हणून धुरीला (जंतुनाशक वायूच्या प्रक्रियेला) चालेल, असे गृहीत धरणारा अर्जदार बाजूला ठेवावा.

शेवटी तापमानाच्या नोंदी पाहाव्यात. डेटा लॉगर (तापमान आपोआप नोंदवणारी छोटी उपकरणे) हवेत ठेवले होते की दाण्यांच्या थरात, पट्ट्याच्या मध्यावर की कडेलाही, आणि त्यांच्या कॅलिब्रेशनची तारीख काय, हे अहवालात सापडले पाहिजे. प्रयोग सर्वांत प्रतिकूल स्थितीत झालेला असावा, म्हणजे पट्ट्याचा वेग जास्तीत जास्त, थर जाडात जाड, वाफेचा दाब परवानगीच्या खालच्या टोकाला आणि माल थंडात थंड. तुर्भ्याच्या शीतगृहातून निघालेला बदाम थेट यंत्रात जात असेल, तर प्रयोगातही तसाच थंड बदाम हवा. असे किमान तीन स्वतंत्र प्रयोग मागावेत. एकाच फेरीतून उचललेले तीन नमुने म्हणजे तीन प्रयोग नव्हेत.

मुलाखत

मुलाखत छोटी ठेवावी. मी एक प्रश्न हमखास विचारतो: वेंगुर्ल्याचा किंवा चंदगडचा काजू कवचासकट वाफवलेलाच असतो, मग त्याला वेगळ्या पाश्चरीकरणाची गरज काय? जाणकार लगेच सांगतो की ती वाफ कवच फोडणे सोपे जावे म्हणून असते. त्यानंतर गर फोडताना, बोरम्यात (गर वाळवण्याच्या गरम खोलीत) वाळवताना, सोलताना आणि प्रतवारी करताना कितीतरी हातांतून जातो आणि दूषित होण्याची खरी संधी तेथेच असते. ज्याने काजूचा कारखाना आतून पाहिलेला नाही, तो येथे अडखळतो.

दुसरा प्रश्न तयार मालाच्या चाचणीबद्दल असावा. २५ ग्रॅममध्ये साल्मोनेला आढळला नाही, असा अहवाल दाखवून अनेक जण व्हॅलिडेशन झाले असे मानतात. समजा, २५ ग्रॅमच्या दर हजार वाट्यांपैकी एकच दूषित आहे. पाच नमुने तपासले, तर तो सापडण्याची शक्यता हजारात पाच एवढीच आहे. हा हिशेब उमेदवाराने कागदावर करून दाखवावा. व्हॅलिडेशन, रोजची देखरेख आणि नंतरची पडताळणी या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, हे कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानक संस्थेच्या २००८ च्या मार्गदर्शक तत्त्वांत स्पष्ट केलेले आहे, आणि तज्ज्ञाच्या बोलण्यात हा भेद घोटाळता कामा नये.

माल कोठे जाणार आहे, हेही त्याच्या ध्यानात असावे. युरोपीय संघात प्रॉपिलिन ऑक्साइड या जंतुनाशक वायूच्या धुरीला परवानगी नाही. अमेरिकेसाठी माल असेल, तर तेथील अन्नसुरक्षेच्या २१ सीएफआर ११७ या नियमांनुसार व्हॅलिडेशन पात्र व्यक्तीने करावे किंवा तिच्या देखरेखीखाली व्हावे लागते, आणि ते आधी अथवा साधारणपणे उत्पादन सुरू झाल्यापासून ९० दिवसांत पूर्ण करावे लागते.

मान्यतापत्र

सर्व समाधानकारक वाटले तरी प्रथम तात्पुरती मान्यता द्यावी आणि पहिल्या कामाचा आराखडा प्रयोगापूर्वी समितीने तपासावा. प्रयोग झाल्यावर आराखड्यात केलेला कोणताही बदल कारणासह लिहून घ्यावा. मान्यतापत्रात मेवा, प्रक्रिया, यंत्राचा प्रकार, वापरायची प्रयोगशाळा आणि मुदत नमूद असावी. दोन वर्षांची मुदत मला पुरेशी वाटते. यंत्राचा पट्टा, बर्नर, वाफेची नळी किंवा दाण्याची प्रत बदलली, म्हणजे अख्ख्या काजूच्या जागी तुकडा आला, तरी जुने व्हॅलिडेशन आपोआप लागू राहणार नाही, असे कलम त्यात घालावे. मूळ नोंदी, लॉगरच्या फाइलींसह, कारखान्याच्या ताब्यात राहतील हेही लिहावे, कारण तज्ज्ञ परगावी गेल्यावर निर्यातदाराचा ऑडिटर त्या नोंदी कारखान्याकडेच मागतो.

मान्यता काढून घेण्याची कारणे त्याच पत्रात आधीच असावीत: आकड्यांत फेरफार, हितसंबंध लपवणे, व्याप्तीबाहेरच्या प्रक्रियेवर सही करणे आणि अनुत्तीर्ण ठरलेला प्रयोग अहवालातून वगळणे. यांतले शेवटचे कारण सर्वांत अधिक वेळा घडते, म्हणून अहवालात सर्व फेऱ्यांचे क्रमांक सलग आहेत ना, हे समितीतील एकाने बोट ठेवून तपासावे.