अंध सहकारी जॉइन होतोय? मग आधी तुमच्या फाइल्स बघा

टीममध्ये कोणी अंध व्यक्ती येणार म्हटलं की सगळे जिना, लिफ्ट, वॉशरूम यावरच बोलत बसतात, ते बघायचंच, पण माणूस खरा अडतो तो कॉम्प्युटरवर, आपण बनवलेल्या फाइल्समुळे.

पहिलं काम, एनव्हीडीए जॉइनिंगच्या आधी टाकून ठेवा. विंडोजवर चालणारा फुकट स्क्रीन रीडर आहे, म्हणजे स्क्रीनवरचं लिहिलेलं मोठ्याने वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन या अंध तरुणाने २००६ मध्ये तो बनवायला घेतला. आयटीवाल्यांची परवानगी आठवडाभर अडकते आणि नवा माणूस तोवर नुसता बसून राहतो, हे होऊ देऊ नका प्लीज.

आता मराठी फाइल्स. आपल्याकडे अजून कितीतरी पत्रं, परिपत्रकं श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली असतात. आपल्याला स्क्रीनवर नीट मराठी दिसतं, पण आत असतात इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं, त्यामुळे स्क्रीन रीडर ते वाचायला लागला की नुसता गोंधळ ऐकू येतो. युनिकोडमध्ये, म्हणजे जिथे आतही खरी मराठी अक्षरं असतात त्यात, बदलून घ्या, कन्व्हर्टर मिळतात, पण जोडाक्षरं आणि रफार एकदा डोळ्याखालून घाला. स्कॅन केलेली पीडीएफ म्हणजे फक्त फोटो, ती ओसीआर करूनच, म्हणजे फोटोतली अक्षरं ओळखून त्यांचा मजकूर करूनच पाठवा. व्हॉट्सअॅप ग्रुपवर नोटीसचा फोटो टाकलात तर खाली दोन ओळी टाइप करा.

एक्सेलमध्ये मर्ज केलेले सेल काढा. स्क्रीन रीडर "१२५०, बी ४" असं एकेक सेल वाचत जातो, वरचं हेडिंग मर्ज असेल तर ते १२५० नक्की कशाचे हे कळायला मार्गच नाही.

इंटरव्ह्यूत "तुम्हाला जमेल का हो?" विचारू नका, "हे काम तुम्ही कसं कराल?" विचारा आणि टेस्ट त्यांच्या स्क्रीन रीडरवरच द्या. अंध म्हणजे टेलिफोन ऑपरेटर हे डोक्यातून काढाच, अकाउंट्स, कोडिंग, बँकिंग सगळीकडे लोक काम करतायत.

रोजच्या वागण्यातलं म्हणाल तर बोलताना आधी आपलं नाव सांगा, निघताना निघतोय म्हणून सांगा, नाहीतर समोरचा रिकाम्या खुर्चीशी बोलत राहतो. हात धरून ओढू नका, मदत हवी का विचारा, हवी असेल तर आपलं कोपर पुढे करा. टेबलं हलवली तर त्याच दिवशी सांगा.

आणि हे सगळं कोणावर उपकार म्हणून नाही बरं का. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात समान संधी धोरण प्रत्येक आस्थापनेला लागतं, खासगी कंपनीत २० किंवा जास्त कर्मचारी असतील तर त्यात सहायक साधनांची सोय लिहावी लागते आणि एक संपर्क अधिकारी नेमावा लागतो. तुमच्या एचआरला विचारा, धोरण कुठे आहे, आणि मिळालं की बघा ते तरी स्क्रीन रीडरला वाचता येतंय का.