गोलाचं घनफळ अडलं तर कांदा कापा

नाशिकच्या घरात कांद्याला तोटा नाही, म्हणून बारावीच्या मुलांना मी तोच हातात देते. उन्हाळ कांद्यातला छान गोल बघून घ्या, आडवा कापा. चकत्या पडतील. कांद्याची त्रिज्या 'त' धरा. मध्यापासून 'क्ष' अंतरावरच्या चकतीच्या त्रिज्येचा वर्ग पायथागोरसने त² − क्ष² येतो, म्हणून तिचं क्षेत्रफळ पाय (π) × (त² − क्ष²). याला अगदी बारीक जाडीने गुणायचं आणि सगळ्या चकत्यांची बेरीज करायची. इंटिग्रेशन म्हणजे हीच बेरीज.

मार्क जातात ते सीमांमध्ये, म्हणजे बेरीज कुठून कुठपर्यंत करायची त्यात. −त ते +त घेतलं की चिन्हांचा घोळ होतो. त्यापेक्षा ० ते त घ्या: त³ − त³/३, म्हणजे २/३ त³. दोन्ही अर्धे सारखेच, तेव्हा दुप्पट करा आणि पायने गुणा. ४/३ × पाय × त³.

पडताळ्यासाठी दुसरा कांदा सोला. 'क्ष' त्रिज्येच्या पापुद्र्याचं पृष्ठफळ ४ × पाय × क्ष². त्याचं ० ते त इंटिग्रेशन केलं तरी उत्तर तेच. मला तर ही पापुद्र्यांची रीत जास्त आवडते, कारण पृष्ठफळ आणि घनफळ यांचं नातं तिच्यात डोळ्यांना दिसतं.